कडेची ओळ आणि थोरलीची गाळणी

मापटेबाईंचं खरं नाव काय, हे भाजीपाला संशोधन केंद्राच्या हजेरीबुकालाच ठाऊक. नव्या माणसाला वाटायचं, मापटे हे आडनाव असेल. आडनाव कसलं! बावीस वर्षांपूर्वी बाई कामावर आल्या तेव्हा उंचीनं बेताच्या, अंगानं भरलेल्या, आणि कमरेवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या की थेट धान्य मोजायचं मापटं. शेतावरच्या मास्तरांनी बघितल्याबरोबर फर्मावलं, "हे मापटं मोजणीला घ्या." बोलले चेष्टेनं, पण घेतलंही मोजणीलाच. पुढं कुणीतरी मान राखायला 'बाई' जोडलं आणि नाव पक्कं झालं.

काम सांगायला सोपं. टोमॅटोच्या चाचणीतल्या वीस वाणांची फळं वेगवेगळ्या क्रेटमध्ये तोडायची, शेडमधल्या तराजूवर ठेवायची आणि आकडा लिहायचा. करायला मात्र कंबर लोखंडाची हवी. बाईंची होती. जीभही त्याच धातूची.

त्या जिभेचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे घरधनी. ते मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवायचे. बाई चारचौघांत सांगत, "आमचे हे दिवसातून दोनशे वेळा वर जातात, पण संध्याकाळी बघावं तर तळमजल्यावरच." त्यावर लिफ्टवाले मिशीतल्या मिशीत म्हणायचे, "आणि ही दिवसभर जगाचं वजन करते, स्वतः मात्र तराजूला घाबरून असते." लिफ्टवाल्यांना कधी बढती मिळाली नाही, कधी मेमोही मिळाला नाही. ना कधी आजारी, ना कधी फार खुशीत. बाईंच्या बहिणीचा नवरा दर दोन वर्षांनी नवा धंदा काढून डोळे दिपवायचा, तेव्हा बाईंना आपला नवरा अगदीच अळणी वाटे. आणि गंमत अशी, की लिफ्टवाल्यांच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. खाली हे दोघं, वर थोरला भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे बाईंची मोठी जाऊ. तिला सगळे थोरली म्हणत. तिच्याविषयी पुढं येईलच. ती न बोलावता येणाऱ्यांपैकी आहे.

तर कामावरचा बाईंचा पहिलाच हंगाम. मास्तर म्हणाले, "कडेपासून सुरुवात कर." बाईंनी कडेपासून केली, म्हणजे अगदी कडेच्या ओळीपासून. संध्याकाळी मास्तरांनी वही बघितली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय? कडेची ओळ मोजलीस?"

"तुम्हीच म्हणालात कडेपासून."

"अगं, कडेच्या आतून! कडेची ओळ म्हणजे कुंपण. वारा, ऊन, चुकार शेळी, जे काय यायचं ते आधी तिच्या अंगावर यावं म्हणून लावतात. तिला एका बाजूनं मोकळी जागा मिळते, त्यामुळं तिचं वजन खरं धरत नाहीत. घर मोजताना कुणी कुंपणाच्या विटा मोजतं का?"

सगळी शेड हसली. कुणी म्हणालं, "उद्या ही शेळीचंही वजन करेल." मास्तरांनी ओळ खोडायला पेन पुढं केलं. बाईंनी ते घेतलं, पण हात काही चालेना. "राबली तर तीही आहे," त्या पुटपुटल्या. मास्तरांनी त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, मग कपाटातून एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'कडेची. वेगळी वही.' त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत, दर हंगामाला न मागता एक कोरी वही बाईंच्या डब्याशेजारी येऊन पडायची. मास्तर आता नाहीत. बाई अजून वही उघडताना आधी ते पान उघडतात.

त्या कडेच्या ओळीत होता कोण, तर सतरा नंबरचा वाण. चाचणीत सहावा आला म्हणून बाद झालेला. पहिले तीन पुढं जायचे, बाकीच्यांना रामराम. उरलेलं बी कडेला लावून टाकलं. कडेसाठी बी कोण देणार? म्हणून पुढच्या वर्षासाठी बाईंनी त्याच झाडांचं बी धरलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. अशा एकवीस वह्या झाल्या. आतल्या वीसांत दरवर्षी नवे राजे यायचे आणि जायचे. कडेची मात्र तिथंच. चांगल्या वर्षी झाडामागं तीन किलो, वाईट वर्षी अडीच. एकदा पाऊस महिनाभर हटला नाही, एकदा विहिरीनं तळ दाखवला, एकदा थंडीनं पानं करपली. कडेची दरवेळी चार दिवस रुसायची आणि पुन्हा अडीचवर यायची. बाई तिच्याकडं बघून म्हणायच्या, "तू म्हणजे आमच्या ह्यांची सख्खी बहीण."

आता थोरली.

टोमॅटोचं बी धरायचं म्हणजे गर बरणीत घालून दोन दिवस आंबवायचा, वर बुरशीची साय आली की धुऊन गाळायचा. तेव्हाच बी त्याच्या बुळबुळीत आवरणातून सुटतं. वास असा येतो की पाहुणा दारातूनच परत फिरावा. अकरा वर्षांपूर्वी बाईंची गाळणी ऐन वेळी तुटली. त्या वर गेल्या आणि थोरलीची चहाची गाळणी मागून आणली. काम झाल्यावर विसळून परत दिली. घाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीकडं तिच्या माहेरचे लोक चहाला आले होते.

पुढचं ज्यांनी पाहिलं ते सांगतात, की थोरलीच्या भावानं पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवून विचारलं, "ताई, चहात काय घातलंयस?" कपात सात बिया तरंगत होत्या. वासाचं वर्णन इथं करायला नको.

थोरली जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून गरजली, "माझ्या माहेरच्यांना सडका टोमॅटो पाजलास!"

बाई खालून म्हणाल्या, "सडका नाही, आंबवलेला."

हे एक वाक्य त्यांनी गिळलं असतं तर अकरा वर्षं वाचली असती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. निरोप असला तर लिफ्टवाल्यांमार्फत. म्हणजे ते इस्पितळात वर-खाली आणि घरीही वर-खाली. बाईंनी शपथ घेतली की पुन्हा घरात बी धुवायचं नाही. तेव्हापासून बी केंद्रातच धुतलं जाई आणि भांडारातल्या फळीवर, एका बिस्किटाच्या डब्यात, नंबर नसलेल्या पाकिटात राही.

आणि तोच डबा बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी घात करून गेला.

त्या वर्षी नवे मोठे साहेब आले. त्यांना टापटिपीचं वेड. त्यांनी ठरवलं, कडेला यापुढं मका. उंच असतो, दिसतो छान. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कडेची ओळ शेतात नव्हती. बाईंना चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण बोलणार काय? जी ओळ मोजायचीच नव्हती, तिची आठवण येते असं सांगणार?

आणि नेमकं त्याच वर्षी ऊन असं पडलं, की लोखंडी फाटकाला हात लावला तर फोड यावा. आत मधोमध होता तेव्हाचा राजा, विक्रमवीर. गेल्या वर्षी झाडामागं पाच किलो देऊन गाजलेला. त्यानं सगळी फुलं गाळली. वाफ्यात पिवळा सडा पडला आणि झाडं नुसती पानांची छत्री धरून उभी.

हा विक्रमवीर डॉक्टरीणबाईंचा. औषधाच्या नव्हेत, बियांच्या डॉक्टर. वयानं बाईंच्या मुलीएवढ्या. चार वर्षं त्या एकच गोष्ट शोधत होत्या: हवा कशीही असो, सारखं पीक देणारा टोमॅटो कसा घडतो? त्यासाठी तसा एक तरी टोमॅटो हातात हवा ना! त्यांच्याकडं सगळे राजे. त्या दिवशी त्या वजनाच्या शेडमध्ये उलट्या क्रेटवर बसल्या होत्या आणि चष्मा पुसत होत्या. चष्मा कोरडाच होता.

बाईंनी विचारलं, "काय झालं हो?"

"मावशी, या महिनाअखेर मला साहेबांना सांगायचंय की पुढं काय. माझ्याकडं सांगायला काही नाही. मला असं झाड हवं होतं, ज्याला वर्षानुवर्षं, बऱ्या-वाईट हवेत, कुणीतरी मोजलंय. असं कोण मोजत बसतं?"

बाईंनी आपल्या लॉकरकडं बघितलं. महिनाअखेर बाईंच्या नोकरीचाही शेवटचा दिवस होता. एकवीस वर्षं केंद्राच्या तराजूवर, केंद्राच्या वेळात, नको ती ओळ मोजली, हे जाता जाता कबूल करायचं? साहेब म्हणतील, हिनं बाकीचे आकडेही असेच मनानं घेतले असतील. निरोपाला शालीऐवजी चौकशी मिळायची. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा लॉकरकडं गेल्या आणि रुमालात बांधलेला वह्यांचा गठ्ठा आणून डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर ठेवला.

"रागवू नका. पहिल्या दिवशी चुकून मोजली. मग सवय लागली."

डॉक्टरीणबाईंनी पहिली वही उघडली. मग दुसरी. मग सगळ्या एकदम जमिनीवर मांडून गुडघ्यांवर बसल्या. "अडीच... पावणेतीन... तीन... अडीच... मावशी, हे खरं आहे?"

"त्या तराजूची शपथ."

"एका वर्षाचा कडेचा आकडा फसवा असतो. पण एकवीस वर्षं सारखाच? बी कुठंय याचं?"

"भांडारात. बिस्किटाच्या डब्यात."

दोघी भांडारात गेल्या. फळ्या लख्ख पुसलेल्या. साहेबांच्या हुकमावरून आदल्याच दिवशी साफसफाई झाली होती. नंबर नसलेलं सगळं जाळून टाकलं होतं. भांडारवाला अभिमानानं म्हणाला, "कागदाचा कपटासुद्धा ठेवला नाही!"

डॉक्टरीणबाईंनी रिकाम्या फळीवरून एकदा बोट फिरवलं. बाईंना वाटलं, त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाई घरी आल्या त्या तशाच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या. लिफ्टवाल्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. बाईंनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "घरी ठेवलं असतं तर वाचलं असतं. त्या मेल्या गाळणीपायी शपथ घेतली. एकवीस वर्षं सांभाळली आणि ऐन वेळी मीच घालवली हो."

लिफ्टवाल्यांनी मिशी ओढली. मग म्हणाले, "तू वर जा."

"वर? मी?"

"गच्चीवर. थोरलीला विचारून."

"काय आहे गच्चीवर?"

"आता कसं सांगू," लिफ्टवाले म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी थोरलीनं गाळणी जी आपटली, ती गच्चीवरच्या कुंडीत. जाळीच्या काठाशी अडकून चहातून वाचलेल्या बिया तिथंच उगवल्या. थोरलीनं उपटायला हात घातला आणि राहू दिल्या. पुढच्या वर्षी त्यांचंच बी पुन्हा लावलं. आता तिथं तेलाचे अकरा डबे आहेत. पिकली की ती धाकट्या दिराच्या हातावर पिशवी ठेवते आणि बजावते, "तिला सांगायचं नाही."

बाईंचे डोळे मोठे झाले. "म्हणजे तुम्ही दरवर्षी बाजारातून आणता ते टोमॅटो—"

"बाजारातलेच म्हणायचो."

"आणि मी म्हणायचे, हे अगदी आपल्या कडेचीसारखे लागतात!"

"हो. मला दोनदा ठसका लागला होता."

जगाच्या टोमॅटोचं वजन करणारी ही बाई, अकरा वर्षं आपलाच टोमॅटो परका समजून खात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. दुसरी एखादी नवऱ्यावर भडकली असती. बाईंनी त्यांच्या हातातला तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्यायल्या आणि जिन्याकडं निघाल्या.

चौदा पायऱ्या. अकरा वर्षं न चढलेल्या. दार थोरलीनंच उघडलं. ती उंच, हाडकुळी. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या की मापटं आणि उलथनं.

"जाऊबाई," बाई म्हणाल्या.

"आलीस? कोण मेलं?"

"कुणी नाही. टोमॅटो गेला."

"माझे आहेत की गच्चीवर," थोरली बोलून गेली आणि जीभ चावली. मग जिन्याकडं बघून गरजली, "भावजींनी सांगितलं ना? पुरुषांच्या तोंडात तीळ भिजत नाही!"

"अकरा वर्षं भिजला, जाऊबाई."

थोरलीला हसू आवरेना, पण तिनं ते खोकल्यात बुडवलं आणि गच्चीचा जिना दाखवला. वर तापलेल्या फरशीवर अकरा डबे. ज्या उन्हानं विक्रमवीर हरला, त्याच उन्हात प्रत्येक डब्यात एकेक झाड, पानं जरा सुरकुतलेली, आणि खाली लाल, केशरी, हिरवी फळं. बाई खाली बसल्या. एक फळ तळहातावर घेऊन त्यांनी ते सवयीनं तोललं.

"सत्तर ग्रॅम," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

"रडतेस काय? वजन कमी आहे का?"

"नाही हो. बरोबर आहे. अगदी बरोबर आहे."

थोरली शेजारी टेकली आणि म्हणाली, "त्या वर्षी उपटणारच होते. पण रागानं आपटलेलं एवढं गुणी निघालं, की हातच होईना. तुझ्या नाकावर टिच्चून वाढवीन म्हटलं."

"टिच्चून का होईना, वाढवलंत," बाई म्हणाल्या. "उपकार झाले."

"उपकार-बिपकार नको. गाळणी आणून दे."

दुसऱ्या दिवशी फळांची पिशवी घेऊन दोघी केंद्रावर गेल्या. लिफ्टवाल्यांनी आयुष्यातली पहिली रजा टाकली आणि पिशवी धरली. हे झाड तेच कशावरून, हा डॉक्टरीणबाईंचा प्रश्न रास्त होता. उत्तर बाईंच्या वहीतच सापडलं. पहिल्या वर्षी त्यांनी बी वाळवायला वहीचीच पानं वापरली होती, आणि 'कडेची. वेगळी वही.' या अक्षरांखाली चार बिया कागदाला घट्ट चिकटलेल्या होत्या. उगवायला मेलेल्या, पण ओळख पटवायला जिवंत. प्रयोगशाळेत त्या बिया गच्चीवरच्या फळांतल्या बियांशी ताडून बघितल्या. तीन आठवडे बाईंना झोप नव्हती. मग निकाल आला: तेच.

डॉक्टरीणबाईंनी आणखीही काहीतरी शोधलं होतं. त्यांनी दोघींना टेबलाशी बसवून सांगितलं, "प्रत्येक झाडाच्या आत कामांच्या चिठ्ठ्या असतात. जनुकं म्हणतो आम्ही त्यांना. फुलाचं फळ करायच्या अशा दोन चिठ्ठ्या तुमच्या झाडात आहेत. एक रोज राबते, दुसरी बहुतेक वेळ बसून असते. उन्हानं पहिली थकली, की दुसरी उठून काम हातात घेते. विक्रमवीरात दुसरी मोडलेली आहे. चांगल्या वर्षी तिच्यावाचून काही अडत नाही, उलट झाड जास्तच देतं. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं तशीच झाडं निवडत आलो. अजून दोन-तीन हंगाम तपासावं लागेल, पण मला असंच दिसतंय."

"म्हणजे जावा-जावाच की!" मापटेबाई म्हणाल्या. "एक पडली तर दुसरी चूल सांभाळते. घर उपाशी राहत नाही."

थोरलीनं मान वळवली. "त्यातली बसून खाणारी कोण गं?"

"राबणारी तुम्ही, जाऊबाई."

"मग ठीक."

डॉक्टरीणबाई हसता हसता थांबल्या. "मावशी, तुम्ही दोघींनी माझी चार वर्षं वाचवलीत. मला हे कसं फेडायचं ते कळत नाही. शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानतात, तिथं तुमची नावं घालते. खरी नावं सांगा."

आता पंचाईत झाली. मापटेबाईंना स्वतःचं पूर्ण नाव उच्चारायची सवयच राहिली नव्हती; त्या लाजल्या. थोरलीनं "तुम्हीच सांगा" म्हणून दिराकडं बघितलं, ते छताकडं बघू लागले. अखेर हजेरीबुक मागवावं लागलं. थोरलीचं नाव त्यात कुठून असणार? मग डॉक्टरीणबाईंनी तिचं नाव तिच्याच तोंडून चार वेळा विचारून लिहून घेतलं. लिफ्टवाल्यांचं घालू का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "घाला. वर-खाली ने-आण, असं लिहा." आणि पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याकडं असं बघितलं, जसं सत्तर ग्रॅमच्या त्या फळाकडं बघितलं होतं. लिफ्टवाले मिशीच्या आड गेले.

साहेबांनी चौकशी लावली नाही. उलट निरोपसमारंभात सांगितलं की या केंद्रात बारीक नोंदींची परंपरा जुनी आहे. भांडारवाल्यानं सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

पुढच्या हंगामाला कडेची ओळ मधोमध लागली, जिथं राजे लागतात. लावणीच्या दिवशी मापटेबाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. खुर्ची दिली होती, त्या बसल्या नाहीत. मधल्या वाफ्यातलं शेवटचं रोप त्यांनी आपल्या हातानं दाबलं, मग चारी बाजूंना नजर टाकली.

"मका नाही लावला?"

"नाही. साहेबांना म्हटलं, टोमॅटोच हवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कडेला विक्रमवीर लावलाय. त्याचं बी पडून होतं."

बाईंनी पिशवीतून एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलेलं होतं, 'कडेची. वेगळी वही.' अक्षर मास्तरांचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं, जरा वाकडं.

"मोजत जा त्यालाही," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी जाताना त्या बाजारात उतरल्या आणि चौदा पायऱ्या चढून वर गेल्या. थोरलीनं नवी गाळणी हातात घेतली, उजेडात धरली, जाळीवर बोट फिरवलं.

"भोकं मोठी आहेत."

"बी अडकणार नाही, जाऊबाई."

"मग काय उपयोगाची?" म्हणत थोरलीनं ती खिळ्याला अडकवली, जुनी उतरवली आणि आधण ठेवायला वळली. "बस. आणि भावजींनाही हाक मार खालून. पिशवी आणायला नको म्हणावं, हात हलवतच या."